नारद ते रुक्मिणी : लहानपणी तोंडाला रंग लागलेल्यांचं पुढं काय होतं?

मीनल_परभणी

धागा काढायचं कारण घरातलंच आहे. माझी भाची सातवीत आहे, गाणं शिकतेय लहानपणापासून, आणि इथल्या हौशी मंडळींनी राज्य नाट्य स्पर्धेला (संगीत नाटकांची स्पर्धा वेगळी होते, बऱ्याच जणांना माहीत नसतं) सौभद्र (किर्लोस्करांचं जुनं संगीत नाटक) धरलंय त्यात तिला नारद दिलाय. पोरगी हवेत. वीणा म्हणून घरातली जुनी एकतारी घेऊन दिवसभर हिंडायली, जेवताना पण चिपळ्या हातात. दाजींचं म्हणणं एवढं एक नाटक होऊ दे, मग बास, नववी-दहावी तोंडावर आली. आणि आई तर सरळ म्हणते की नाटकाच्या नादी लागलेली लेकरं ना धड शाळेची राहतात ना घरची, लहान आहेत तोवर सगळे टाळ्या वाजवतात, मिसरूड फुटलं की कुणी ओळख देत नाही. मी म्हणलं आई ती मुलगी आहे, मिसरूड कशाला फुटेल, तर म्हणे तुला कळलंय मला काय म्हणायचंय ते.

कळलंय, म्हणूनच इथं लिहायलेय.

मी सध्या कीर्ती शिलेदार यांच्याबद्दल मिळेल ते वाचायलेय. जन्म १६ ऑगस्ट १९५२. आई जयमाला, वडील जयराम, दोघंही संगीत रंगभूमीवरचे, आणि दोघांची 'मराठी रंगभूमी' ही संस्था १९४९ ची, म्हणजे ही मुलगी जन्मली तेव्हा घरात नाटक कंपनी आधीपासून नांदत होती. जयमालाबाईंनी तर खुद्द बालगंधर्वांसोबत त्यांच्या कंपनीत कामं केलेली. कीर्तीताईंनी शाळकरी वयात सौभद्रात नारद केला (हे भाचीला सांगितल्यापासून तिचं डोकं आणखीनच वर गेलंय). आणि तिथून पुढं सुभद्रा, रुक्मिणी, भामिनी, कान्होपात्रा, द्रौपदी, म्हणजे बालगंधर्वांनी गाजवलेल्या नायिका एकामागं एक. १९७२ ला विद्याधर गोखल्यांचं स्वरसम्राज्ञी आलं तेव्हा त्या विशीच्या होत्या. २०१८ ला मुलुंडच्या ९८ व्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, २२ जानेवारी २०२२ ला गेल्या.

माझा प्रश्न असा की नारद आणि रुक्मिणी यांच्या मधली जी वर्षं आहेत, बारा ते वीस म्हणा, त्यात नेमकं काय होतं? लहानपणी वन्समोर घेणारी लेकरं आपल्याकडं कमी नाहीत, गावागावात आहेत. त्यातलं एखादंच पुढं जातं आणि बाकीची कुठं जातात? जाणकारांनी लिहा, आणि ज्यांनी स्वतः लहानपणी काम केलंय त्यांनी तर लिहाच लिहा.

गोदाकाठचा_गण्या

मस्त धागा ताई. मला वाटतं ज्यांच्यात असतं ते लहानपणीच दिसतं. बालगंधर्व बघा, केशवराव भोसले बघा, मास्टर दीनानाथ, छोटा गंधर्व, सगळे पोरवयातच उभे राहिले स्टेजवर. पाळण्यात दिसलेले पाय आहेत हे. भाचीला करू द्या काय करायचं ते, दाजींना सांगा लई विचार करू नका.

पायपेटी

गण्या, बालगंधर्वांना या यादीतून काढ. नाव बालपणीचं आहे, लहान नारायणाचं गाणं ऐकून टिळकांनी दिलेलं म्हणून सांगतात, पण किर्लोस्कर कंपनीत ते आले १९०५ ला. जन्म १८८८ चा. म्हणजे सतरा वर्षांचे झाल्यावर तोंडाला रंग लागला. पहिली भूमिका शकुंतला, मिरजेत. हा फरक बारीक वाटंल पण मीनलच्या प्रश्नाला तोच महत्त्वाचा आहे, कारण आवाजाचा जो काही गोंधळ व्हायचा असतो तो सतराव्या वर्षापर्यंत बराचसा उरकलेला असतो. त्यांना लेकरू म्हणून टाळ्या मिळाल्या आणि मग तरणा म्हणून परत परीक्षा द्यावी लागली, असं झालंच नाही.

खरी उलटी गोष्ट केशवराव भोसल्यांची. कोल्हापूरचे, जन्म ९ ऑगस्ट १८९०, बाप लवकर गेला, घरात खायची पंचाईत, आणि पोराला स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत ठेवलं ते शाळेत घालायचं वय पण झालेलं नसताना. हौस म्हणून नाही ठेवलं, पोट भरंल म्हणून ठेवलं. हे आपण नेहमी विसरतो, जुन्या कंपन्यांत आलेली निम्मी पोरं कलेच्या ओढीनं आलेली नव्हती, दोन वेळच्या जेवणाच्या ओढीनं आलेली होती. तिथं या पोराच्या वाट्याला देवलांची शारदा आली आणि त्या शारदेनं त्याचं नाव झालं. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या पोरीचं काम एक पोरगाच करतोय, प्रेक्षक रडतोय. नंतर सतरा-अठराव्या वर्षी, १९०८ ला, हुबळीला स्वतःची ललितकलादर्श काढली. आजकाल त्या वयाचं पोरगं बारावीच्या क्लासला बाईकवर जातं की चालत यावर घरात भांडण असतंय.

आणि मग बघा, ८ जुलै १९२१ चा मुंबईतला तो संयुक्त मानापमान, दोघांच्या कंपन्यांनी मिळून केलेला, टिळक स्वराज्य फंडासाठी. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव. शारदा म्हणून सुरू झालेला पोरगा धैर्यधर होऊन बालगंधर्वांसमोर उभा राहिला. ४ ऑक्टोबरला गेला. एकतीस वर्षं फक्त.

मधली वर्षं मधली वर्षं म्हणतेस ना, ती हीच, शारदेपासून धैर्यधरापर्यंतची. त्यात हा माणूस कंपनीत होता. रोज. सकाळी तालीम, दुपारी गाणं, रात्री प्रयोग, आणि प्रयोगात काम नसंल तरी विंगेत उभं राहून दुसऱ्याचं ऐकणं. आवाज बसला, फुटला, खाली गेला, तरी कंपनी सोडून जायला जागा नव्हती, आणि कंपनीला पण तो नको होता असं नाही, नायिका नाही तर नायक, नायक नाही तर सूत्रधार. पोरगं मोठं होताना त्याच्यासाठी जागा बदलून मिळायची.

शिलेदारांच्या घरात हेच झालं फक्त कंपनी आणि घर एकच होतं.

उस्मानपुरा_कट्टा

सगळं खरं पण आज कुठाय कंपनी? संगीत नाटकाला आता कोण येतं बघायला हे पण लिहा की. आमच्या संभाजीनगरात संत एकनाथ, तापडिया, सिडकोचं संत तुकाराम, एवढी नाट्यगृहं, पण मी शेवटचं संगीत नाटक कधी बघितलं ते आठवत नाही. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून केवढी पोरं मुंबईत गेली, नावं सगळ्यांना माहीत आहेत, पण त्यातले गाणारे नट किती? आपल्याकडं गद्य नाटकाची परंपरा तगडी, एकांकिका तगडी, संगीत नाटक म्हणजे पुण्या-सांगलीकडचा आणि कोकण-गोव्याकडचा कारभार.

आजचं गाणारं लेकरू टीव्हीवर जातं. लातूरचा रोहित राऊत घ्या, लिटिल चॅम्प्समधी पोरगेला होता, पुढं इंडियन आयडॉलमधी पण शेवटापर्यंत गेला. त्याला कुठली कंपनी होती?

मीनल_परभणी

@उस्मानपुरा, रोहित राऊतचं उदाहरण चांगलं आहे पण तो गायक, नट नाही ना. नाटकात गाणं म्हणजे चालायचं, बघायचं, समोरच्याचं वाक्य झेलायचं आणि मग त्याच श्वासात सूर लावायचा. भाचीची खरी अडचण हीच आहे. घरी बसून पद सुरेख म्हणते. तालमीत परवा बघितलं मी, दोन पावलं पुढं येऊन वीणा खांद्यावर घ्यायची आणि लगेच उचलायचंय, तर पहिल्या ओळीच्या शेवटच्या तानेला श्वासच पुरेना, शेवटची जागा गिळूनच टाकली. दिग्दर्शक काका म्हणाले वीणा आधीच खांद्यावर घेऊन ये. झालं काम. असल्या बारक्या गोष्टी टीव्हीवर कोण शिकवणार.

@पायपेटी काका, तुम्ही लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. म्हणाली बघ, मी म्हणत नव्हते, खायची पंचाईत होती म्हणून घातलं. आता तिला काय सांगू.

घसा_तज्ज्ञ_लातूर

कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, नाटकातलं फार कळत नाही, पण आवाजाचं थोडं लिहितो कारण इथं 'आवाज फुटला' हा शब्द सगळे वापरायलेत.

वयात येताना स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. मुलांमधी हे झपाट्यानं होतं आणि आवाज साधारण एका सप्तकानं खाली येतो, म्हणजे काल जिथं तारसप्तक होतं तिथं आज हातच पोचत नाही, आणि बोलता बोलता मधीच किंचाळी निघते ती स्नायूंना नवीन लांबीचा अंदाज आलेला नसतो म्हणून. मुलींचा पण आवाज बदलतो हे बहुतेकांना ठाऊकच नसतं, दोन-तीन सुरांचाच फरक पडतो पण काही महिने, कधी वर्ष दोन वर्षं, आवाजात हवा येते, खरखर येते, वरचे सूर एखाद्या दिवशी लागतात एखाद्या दिवशी नाही. मुलगी आळशी झाली, रियाज करत नाही, असं घरचे आणि गुरुजी दोघंही म्हणतात. ती आळशी नसते.

त्या काळात गाणं बंद करायची गरज नाही, जोर बंद करायचा. मधल्या सप्तकात, हळू आवाजात, थोडा वेळ. दणकून तारसप्तक लावून घेतलं तर स्वरतंतूंवर गाठी येतात, माझ्याकडं येतात अशी लेकरं, जास्त करून सप्ताहात कीर्तन करणारी. आठ-दहा वर्षांचा बालकीर्तनकार, समोर हजारभर माणूस, कर्णा लावलेला असून पण पोरगं ओरडून बोलतंय कारण मोठ्या महाराजांसारखं करायचंय. व्हिडिओ खाली सगळे लिहितात साक्षात माउली. पंधराव्या वर्षी तो माझ्यासमोर बसलेला असतो आणि त्याला ऐकायला जाणारं आता दुसरं आठ वर्षांचं पोरगं असतं.

मीनलताई, भाचीला सांगा प्रयोगाच्या दिवशी ओरडून बोलायचं नाही, पाणी पीत राहायचं, आणि आवाज पंधरा-वीस दिवसांच्या वर बसलेला राहिला तर कुणालातरी दाखवायचं. नारदाचं काम एक-दोन प्रयोग केल्यानं काहीही बिघडत नाही.

गोदाकाठचा_गण्या

डॉक्टरसाहेब, जुन्या काळी या पोरांच्या आवाजाला काय करायचे मग? माईक पण नव्हते.

पायपेटी

काय करायचे म्हणजे, ज्याचा फुटला आणि परत बसला नाही तो रंगपटात गेला. कपडे सांभाळायला, पडदा ओढायला, पुढं मॅनेजर पण व्हायचे काही. त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. ज्यांचा टिकला त्यांचीच चरित्रं लिहिली गेली, म्हणून आपल्याला वाटतं पाळण्यात पाय दिसले. गण्या, हे तुला.

छोटा गंधर्वांचं बघ. सौदागर गोरे, जन्म १९१८, साताऱ्याकडचं कोरेगाव. बालमोहन नाटक मंडळीत पोरवयात आले, तिथं स्त्री भूमिका केल्या. अत्र्यांची नाटकं बालमोहननं केली ना, तीच कंपनी. मग वय वाढलं, आणि काळ पण बदलला, बोलपट आला, बायका स्टेजवर आल्या, पोरांनी नायिका करायची गरज उरली नाही. कंपन्या मटकन बसल्या. दीनानाथांची बळवंत कंपनी पण तशीच गेली. त्या धबडग्यातनं हा माणूस नायक म्हणून निघाला, संशयकल्लोळचा अश्विनशेठ, मृच्छकटिकचा चारुदत्त, सौभद्राचा कृष्ण, मानापमानचा धैर्यधर. सुवर्णतुलाला चाली त्यांच्याच. 'गुणरंग' नावानं बंदिशी बांधल्या. म्हणजे नुसता गळा नव्हता, गाण्याची समज होती, आवाज बदलला तरी ती कुठं जात नाही. १९९७ च्या ३१ डिसेंबरला गेले.

आणि कीर्तीबाईंच्या बाबतीत मला जास्त विचार करायला लावते ती स्वरसम्राज्ञीतली मैना. तमाशातली पोरगी, तिला गाणं शिकवून बैठकीची गायिका करतात अशी गोष्ट. सुरुवातीला लावणी ठसक्यात गायची आणि शेवटी ख्यालाच्या अंगानं, त्याच गळ्यातून, आणि प्रेक्षकाला मधला बदल ऐकू आला पाहिजे. चाली नीळकंठबुवा अभ्यंकरांच्या, ज्यांच्याकडं त्या शिकल्या. आता एवढं काम वीस वर्षांच्या मुलीला दिलं ते ती लहानपणी गोड नारद करायची म्हणून नाही दिलं. नारदानंतर जी वर्षं तिच्या टाळ्या कुणी मोजल्या नाहीत त्या वर्षांत तिला शिकवलं म्हणून दिलं. आई स्वतः नायिका करतेय, मुलगी विंगेत बसून आईचं प्रत्येक पद ऐकतेय, आज आईनं ही जागा का सोडली ते घरी जाऊन विचारतेय. असली शाळा पैसे देऊन नाही मिळत.

अंबाजोगाईकर

उस्मानपुरावाल्यांचं 'पुण्या-सांगलीकडचा कारभार' वाचून राहवलं नाही. आपल्याकडं कंपन्या निघाल्या नाहीत हे खरं, पण कारण पण बघा की राव. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामात. सभा घ्यायची तर परवानगी, गश्ती निशाण ५३, निजामाचा तो सभाबंदीचा हुकूम, ठाऊक असेल. कोल्हापूरला शाहू महाराज नाट्यगृह बांधून देतायत, केशवरावांच्या नावाचं ते, २०२४ ला ऑगस्टमधी जळालं बिचारं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. आणि इकडं मराठी शाळेलाच वांधे. तिथं संगीत नाटकाची कंपनी कोण पोसणार.

पण गाणारी लेकरं होती की. गणपतीतले मेळे होते, मेळ्यात पोरंच गायची, संवाद, पदं, सगळं. भजनी मंडळं, भारूड. पैठणच्या नाथांचं भारूड म्हणजे सोंग घेऊन गाणंच आहे, अजून काय असतंय संगीत नाटक? आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेलं की मेळ्यातलं पोरगं आठ दिवस गावाचा राजा असायचं आणि अनंत चतुर्दशीनंतर परत ढोरामागं. त्याच्या पुढच्या वर्षांची जबाबदारी कुणाचीच नव्हती, हाच तो फरक. २०१७ ला धाराशिवला नाट्यसंमेलन झालं तेव्हा मी गेलो होतो, जयंत सावरकर अध्यक्ष होते, त्यांच्या पुढच्याच संमेलनाला कीर्तीबाई. मांडवात किती माणूस होतं ते बघायला पाहिजे होतं उस्मानपुरावाल्यांनी. प्रेक्षक आहे. सवय मोडलीय.

उस्मानपुरा_कट्टा

बरं बाबा, शरण. पण मांडवातला माणूस तिकीट काढून येतो का हा माझा मुद्दा होता आणि तो आहेच.

काळा_कोट_बीड

मी वेगळंच लिहितो, कुणाला कंटाळवाणं वाटलं तर पुढं जा. स्पर्धेपुरतं हौशी काम असेल तर ठीक, पण उद्या कुणी व्यावसायिक निर्माता या मुलीला घेऊन गावोगाव प्रयोग लावतो म्हणाला तर कायदा काय म्हणतो ते घरच्यांना ठाऊक पाहिजे. बालकामगार कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली, २०१७ ला नियम आले. कलाकार म्हणून मुलाला काम करता येतं पण अटी आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्यानं काढायची. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही. सलग २७ दिवसांच्या वर कामाला लावायचं नाही. शाळा बुडणार नाही याची सोय निर्मात्याची. मिळकतीतले कमीत कमी २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावानं ठेव म्हणून, ते मोठं झाल्यावर त्याला मिळतात. आणि जास्तीत जास्त पाच मुलांमागं एक जबाबदार माणूस.

आमच्याकडं एक ओळखीचे पालक आले होते, मुलीला एका निर्मात्यानं वर्षभर फिरवलं, मानधन 'नंतर हिशोब करू'. कागदाचा एक चिटोरा नव्हता. नाव विचारू नका.

तर दाजींना सांगा, नको म्हणायच्या आधी कागद मागायला शिका.

तबलजी_जालना

मीनलताईंनी लिहाच लिहा म्हणलं म्हणून लिहितो, एरवी मी वाचनमात्र.

मी लहानपणी गायचो. शाळेच्या स्नेहसंमेलनात ध्रुव केला, मग तालुक्यात बोलावणी यायला लागली, सप्ताहात, गणपतीत, कुणाच्या एकसष्टीला पण. घरात हार, नारळ, शाली यांचा ढीग. वडील सायकलवर मागं बसवून न्यायचे आणि लोक त्यांना 'ध्रुवाचे वडील' म्हणायचे, त्यांना लई आवडायचं ते. आठवीच्या सुट्टीत गळा गेला. गेला म्हणजे एका गणपतीत वरच्या पंचमाला हात घातला आणि तिथं काहीच नव्हतं, नुसती फुस्स हवा. लोक हसले नाहीत, त्यांनी टाळ्या वाजवल्या, लेकरू आहे म्हणून. त्या टाळ्या मला अजून सहन होत नाहीत.

पुढच्या वर्षी बोलावणी आली नाहीत. वडील मला काही बोलले नाहीत, पण सायकल काढायचे नाहीत. आमच्या पेटीवाल्या गुरुजींनी एक गोष्ट बरी केली, म्हणले गळ्याला सुट्टी, हाताला नाही, आणि तबल्यावर बसवलं. दोन वर्षांनी आवाज परत आला, चांगला आला खरं तर, बऱ्यापैकी भारदस्त. पण तोवर मला डग्ग्याची गोडी लागली होती आणि गायला सांगितलं की पोटात गोळा यायचा तो कधी गेला नाही.

आता मी हौशी संगीत नाटकांना साथ करतो. दर वेळी एखादं लहान पोरगं असतंच, नारद म्हणा रोहिदास म्हणा. मी त्याच्या घरच्यांना एकच सांगतो, याला गाण्याव्यतिरिक्त नाटकातलं आणखी एक काम शिकवा. प्रॉम्प्टिंग, पेटी, मेकअप, काहीही. गळा रुसला तरी मंडळीत उठबस राहिली पाहिजे. डॉक्टर म्हणले ते दोन वर्षं जर माणसांत राहून काढता आली तर पोरगं परत येतं, घरी बसून काढली तर नाही येत. माझ्यापुरतं तरी असंच झालं.

मीनल_परभणी

दादा, काय बोलावं कळेना. तुमचं लिहिलेलं मी दाजींना पाठवलं. त्यांनी नुसता अंगठा पाठवला, पण संध्याकाळी भाचीला तालमीला सोडायला स्वतः गेले आणि बाहेर गाडीत न बसता आत जाऊन बसले म्हणे.

आई मात्र ठाम. तिला लताबाईंचं सांगितलं, की लहानपणी वडिलांच्या कंपनीत ऐनवेळी नारद करणारा नट आजारी पडला म्हणून लता उभी राहिली आणि वन्समोर घेतला, तर आई म्हणते ते दीनानाथांचं घर होतं, आपलं बी-बियाण्याचं दुकान आहे. आता यावर काय उत्तर आहे?

पायपेटी

उत्तर असं की आई बरोबर बोलतेय. दुकान आहे तर दुकान, पण गावात एखादं मंडळ धरून ठेवा ज्याच्यात ती पंधराव्या वर्षी पण जाऊ शकंल, बक्षीस मिळो न मिळो. घर नसंल तर मंडळ. नाट्यगीताची एक स्पर्धा, मग दुसरी, मग रिॲलिटी शोची ऑडिशन, असं एकट्याचं पळवलं की संपतं. नांदीला उभी राहू दे, पुढच्या वर्षी कुणाची सखी होऊ दे, एखाद्या वर्षी नुसती तंबोऱ्यावर बसू दे.

बरं हे सोड, कामाचं बोल. तिची पट्टी काय, म्हणजे पेटीवरचा कुठला सूर सा धरून गाते?

मीनल_परभणी

काळी पाच म्हणतात तिच्या बाई. तालमीत काळी चारला पण गायली.

पायपेटी

चारलाच ठेवा, वर्षभरात खाली यायचीच आहे. कृष्ण कोण, मोठा माणूस असंल तर तो काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास गाणार, सुभद्रा मुलगी असंल तर तिची वेगळी. म्हणजे पेटीवाल्याला प्रत्येक पदाला पट्टी बदलायची आणि तबलजीला दोन-तीन दायां (उजव्या हाताचे तबले) लावून ठेवायच्या. सगळ्यांना एका पट्टीत कोंबू नका, हौशी मंडळी हे हमखास करतात आणि लहान लेकराचा गळा त्यात भरडतो. पेटी कोण वाजवतंय?

मीनल_परभणी

अजून ठरलं नाही काका, सध्या मोबाईलवर तानपुरा लावून चाललंय. आधी म्हणणारे होते त्यांच्या मुलीचं लग्न निघालं.

तबलजी_जालना

जालना ते परभणी रेल्वेनं फार लांब नाही. काळी चार, काळी एक आणि सुभद्रेची कळवा, तीन दायां घेऊन येतो. पेटीचं काकांनी बघावं.

पायपेटी

नांदेडहून मी येईन पण माझी पायपेटी येणार नाही, तिचा एक भाता दोरीनं बांधलाय, हलवला की जीव सोडंल. परभणीत कुणाकडं ऑर्गन आहे का विचार, शाळेत, देवळात, चर्चमधी. नसला तर हार्मोनियमवर भागवू. आणि तालीम रविवारी ठेवा, शनिवारी मला कीर्तनाची साथ असते.

मीनल_परभणी

रविवारी दुपारी तीनला. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवते दोघांना. आई विचारायली जेवायला थांबणार का.